मधुमेह असताना पायी वारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्येष्ठ लागला की आमच्या दिंडीतल्या लोकांचे, त्यांच्या मुलासुनांचे, कधी अनोळखी माउलींचेही निरोप येऊ लागतात. दिंडीतली औषधांची पेटी सांभाळायचं काम माझ्याकडे असतं. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आम्ही आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखीबरोबर चालतो, त्यामुळे गावांची नावं त्या वाटेवरची आहेत. देहूहून निघणाऱ्यांनाही बाकी सगळं तसंच लागू पडतं. गोळीचा आणि इन्सुलिनचा डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. त्यांना नेमकं काय विचारायचं, ते उत्तरांमध्ये दिलं आहे.

१. मला दहा वर्षांपासून शुगर आहे. पायी वारी झेपेल का?

बहुतेकांना झेपते. वाट सुमारे २५० किलोमीटरची, आणि ती अठरा-वीस दिवसांत विभागलेली. आमच्या दिंडीत दरवर्षी मधुमेही असतात, त्यात इन्सुलिन घेणारेही असतात.

थांबावं अशी काही कारणं मात्र खरोखर आहेत. पायाला उघडी जखम असणं, डोळ्याच्या पडद्यावर नुकताच रक्तस्राव झालेला किंवा लेसर चालू असणं, गेल्या काही महिन्यांत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असणं, डायलिसिस चालू असणं, किंवा शुगर उतरली तरी अंगाला काहीच न कळणं. यातलं काही असेल तर डॉक्टरांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय निघू नका. सगळी वाट शक्य नसेल तर एखादा टप्पा चालणारे हजारो लोक असतात. वाखरी ते पंढरपूर एवढंच चालणाऱ्यांनाही आम्ही वारकरीच म्हणतो.

२. तयारी किती आधी सुरू करावी?

प्रस्थानाच्या दीड-दोन महिने आधी. रोज अर्ध्या तासापासून सुरुवात करून दोन-तीन तासांपर्यंत चालणं वाढवा, तेही वारीत घालणार त्याच चपला-बुटांत. या सरावातच चालल्यावर तुमची शुगर किती उतरते ते मीटरवर कळतं. हा आकडा वहीत लिहून डॉक्टरांकडे घेऊन जा. डोस ठरवायला त्यांना त्याचा जितका उपयोग होतो, तितका एकट्या तीन महिन्यांच्या सरासरीच्या रिपोर्टचा होत नाही. त्याच भेटीत पायाची संवेदना तपासून घ्या, डोळ्याचा पडदा आणि ईसीजी बघून घ्या. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत घेतलं नसेल तर तेही उरकून टाका.

३. वारीत शुगर वाढते की उतरते?

दोन्ही होतं, कधीकधी एकाच दिवसात. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि ही ओढ चालणं थांबल्यावरही टिकते, काही वेळा चोवीस तासांपर्यंत. म्हणून दिवसभर ठीक असलेल्या माणसाची शुगर रात्री तंबूत, झोपेत उतरते. दुसरीकडे गावोगावचं अन्नदान असतं: शिरा, बुंदी, केळी, आणि तासातासाला पाकासारखा गोड चहा.

चढलेल्या शुगरपेक्षा मला उतरलेली जास्त भीतीची वाटते. चार दिवस २५० राहिली तर थकवा येईल, तहान लागेल, जखम भरायला वेळ लागेल. पण ४५ झाली तर माणूस अर्ध्या तासात रस्त्यावर पडतो. झोपण्याआधी एकदा तपासलीच पाहिजे. १०० च्या आसपास किंवा खाली असेल तर अर्धी भाकरी, दूध असं काहीतरी खाऊनच पाठ टेका.

४. गोळ्या नेहमीप्रमाणे घ्यायच्या की कमी करायच्या?

कोणती गोळी आहे त्यावर ते ठरतं. म्हणून आधी पाकिटावरचं औषधाचं मूळ नाव वाचा, कंपनीने दिलेलं नाव नव्हे.

एकटी मेटफॉर्मिन असेल तर शुगर धोकादायक उतरण्याची शक्यता फार कमी. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या मात्र पोट रिकामं असो वा भरलेलं, शुगर खाली आणतच राहतात. एकत्रित गोळीत मेटफॉर्मिनबरोबर अनेकदा यांतलीच एक असते आणि बऱ्याच जणांना ते माहीतच नसतं. चालण्याच्या दिवसांसाठी डॉक्टर बहुधा हा डोस कमी करून देतात. किती, ते लिहून घ्या.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात आणि बरोबर पाणीही जातं. उन्हात चालताना ते जड जाऊ शकतं, उपवासात आणि जुलाब-उलट्यांत तर धोक्याचंच (प्रश्न १५). त्या वारीपुरत्या थांबवायच्या का, हे नाव घेऊन विचारा.

५. मी सकाळ-संध्याकाळ मिश्र इन्सुलिन घेतो. दिंडीत जेवणाची वेळ ठरलेली नसते, मग?

हा फार रास्त प्रश्न आहे. पहाटे तीन-चारला उठून टँकरवर आंघोळ, सहाच्या सुमारास चालणं, दुपारचं जेवण पुढच्या विसाव्याला. तो विसावा अकराला येईल की दीडला, ते गर्दी ठरवते. ३०/७० सारख्या मिश्र इन्सुलिनमधला लांब चालणारा भाग दुपारी जोरात असतो, त्याच वेळी जेवण लांबलं तर शुगर उतरते.

यावर दोन उपाय असतात. डॉक्टर वारीपुरता सकाळचा डोस कमी करतात आणि तुम्ही जेवणाची वाट न बघता दर दोन तासांनी थोडं खाता. नाहीतर ते इन्सुलिनचा प्रकारच बदलून देतात. बदल करायचाच असेल तर महिनाभर आधी घरी सुरू करा. नवीन इन्सुलिनची पहिली ओळख दिवे घाटात नको. आणि ताट समोर आल्याशिवाय जेवणाचं इन्सुलिन टोचू नका. पंगत बसली म्हणजे जेवण आलं असं नसतं.

टोचायला पोट बरं. चालण्याआधी मांडीत घेतलं तर ते लवकर आणि जास्त शोषलं जाऊ शकतं.

६. इन्सुलिनची पिशवी दिंडीच्या ट्रकमध्ये ठेवली तर चालेल का?

नाही. या सगळ्या पानातलं एकच उत्तर लक्षात ठेवायचं झालं तर हे ठेवा.

ट्रक पुढच्या मुक्कामाला आधी निघून जातो. वाहनांचा रस्ता काही ठिकाणी वेगळा असतो, वाटेत कोंडी असते. तुम्ही जेजुरीच्या अलीकडे आणि तुमचं इन्सुलिन वाल्ह्याच्या रानात, अशी वेळ आमच्याकडे येऊन गेली आहे. शिवाय बंद ट्रक उन्हात तापतो आणि आतलं औषध खराब होतं. वळकटी, कपडे, ताट-वाटी ट्रकमध्ये जाऊ द्या. इन्सुलिन, गोळ्या, मीटर आणि ग्लुकोज मात्र अंगावरच्या झोळीत हवं.

फ्रीज नसेल म्हणून घाबरू नका. वापरात असलेलं पेन किंवा बाटली ३० अंशांच्या आत साधारण २८ दिवस टिकते (नेमके दिवस खोक्यावरच्या कागदावर असतात), आणि वारी त्याहून लहान आहे. थंड ठेवावं लागतं ते जादाचं, न उघडलेलं. त्यासाठी पाण्यात भिजवून वापरायच्या थंड पिशव्या मिळतात. नसेल तर औषध कोरड्या पिशवीत बंद करून भोवती ओलं सुती फडकं गुंडाळा आणि वारा लागेल असं ठेवा. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, तेच इथे काम करतं. सासवडपर्यंत पावसाळी दमट हवेत हा उपाय थोडा कमी पडतो, पण तेव्हा ऊनही कमी असतं. नीरा ओलांडून फलटण, बरड, नातेपुते हा कमी पावसाचा पट्टा लागला की कोरड्या वाऱ्यात फडकं चांगलं गार राहतं.

सरबतवाल्याच्या बर्फात मात्र ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक दिसतं, पण कामाचं राहत नाही.

७. झोळीत नेमकं काय असावं?

वरच्या चार गोष्टींशिवाय मीटरच्या पट्ट्या घट्ट झाकणाच्या त्यांच्याच डबीत, कारण ओल लागली की त्या चुकीचं दाखवतात. पाण्याची बाटली. भाजलेले फुटाणे, शेंगदाणे किंवा दशमी. औषधं लागतील त्याच्या दीडपट, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये. प्लास्टिकमध्ये घातलेलं एक कार्ड गळ्यात असू द्या: नाव, मधुमेह आहे, कोणती औषधं, घरचा नंबर, दिंडी क्रमांक. लाखोंच्या गर्दीत बेशुद्ध माणसाची दिंडी शोधताना हा क्रमांक फार उपयोगी पडतो.

८. शुगर उतरली हे कसं ओळखायचं आणि तेव्हा काय करायचं?

हातपाय थरथरणं, दरदरून घाम, छातीत धडधड, एकदम कडाडून भूक, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी. अडचण अशी की चालणाऱ्या प्रत्येकालाच घाम येतो आणि प्रत्येकजण थकतो. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर जाणवतही नाही.

म्हणून शेजारच्यांनी लक्ष ठेवावं लागतं. एका वर्षी घाट चढताना आमचा एक जुना टाळकरी ठेका चुकू लागला. तीस वर्षं टाळ वाजवणारा माणूस. सगळ्यांना वाटलं झोप अनावर झाली आहे. मीटरवर ४८ आली. तेव्हापासून आमच्या दिंडीत सांगून ठेवलं आहे: मधुमेही माउली अभंगात अडखळली, टाळ चुकला, विचारलेल्याला भलतंच उत्तर दिलं, तर आधी थांबवा आणि तपासा.

७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, किंवा मीटर हाताशी नसेल पण लक्षणं असतील, तर बाजूला बसा. चहाचे तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात घालून प्या. ती नसेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून, किंवा छोटा पेलाभर गोड थंड पेय (डाएटचं नव्हे). पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. ७० च्या वर आली नसेल तर तेवढंच पुन्हा. वर आल्यावर भाकरी, पोळी असं काहीतरी खा आणि मगच चाला. पेढा, लाडू, चिक्की यावेळी उपयोगाची नाही, कारण त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर रक्तात उशिरा पोचते.

माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा, जवळच्या आरोग्य पथकाकडे माणूस पळवा.

९. वडिलांना साखर दिली तरी शुगर लवकर वर येत नाही. असं का?

त्यांच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे का ते बघा. ही औषधं आतड्यात साध्या साखरेचं विघटन रोखतात, त्यामुळे साखर, गूळ, थंड पेय यांचा परिणाम उशिरा होतो. अशा माणसाला ग्लुकोजच द्यावं लागतं, कारण त्याचं विघटन व्हावं लागत नाही. ही औषधं आपल्याकडे एकत्रित गोळ्यांमध्ये सर्रास असतात. आम्ही झोळीत सगळ्यांनाच ग्लुकोज ठेवायला सांगतो ते त्यासाठी.

१०. पुणे ते सासवड चालायचं आहे आणि त्या दिवशी एकादशी आहे. उपवास करू का?

वाटेतला सगळ्यात लांब टप्पा, त्यात दिवे घाटाची चढण, आणि बहुधा त्याच दिवशी योगिनी एकादशी. त्यामुळे वारीतला मधुमेह्यांसाठीचा सगळ्यात अवघड दिवस मी हाच मानतो.

निर्जळी नको, नुसत्या चहावर तर अजिबात नको. प्रश्न ८ मधल्या टाळकऱ्याच्या पोटात सकाळपासून चहाच होता आणि ग्लिमेपिराइड नेहमीसारखी घेतलेली होती. उपवासाच्या दिवशीचा गोळी-इन्सुलिनचा डोस डॉक्टरांकडून वेगळा लिहून घ्या. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि ज्यांची शुगर वरचेवर उतरते त्यांनी हा दिवस उपवासाचा धरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

फराळ करणार असाल तर साबुदाणा कमीत कमी. तो जवळजवळ नुसता स्टार्च आहे. शुगर झरकन चढवतो आणि घाटात पोचेपर्यंत आधार राहत नाही. भगर आणि शेंगदाण्याची आमटी, उकडलेल्या शेंगा, ताक, थोडं रताळं हे बरं. निघताना शुगर १०० च्या खाली असेल तर आधी खाऊन घ्या. चढण सुरू होण्याआधी वडकीला थांबून पुन्हा तपासा, कारण घाटातल्या गर्दीत बाजूला होऊन बसायला जागा मिळेलच असं नाही. रात्री सासवडला झोपण्याआधीची तपासणी या दिवशी चुकवू नका.

११. प्रसाद आणि अन्नदान नाकारणं जिवावर येतं. काय करावं?

नाकारू नका. कणभर तोंडात घाला, बाकीचं शेजारच्या माउलीच्या हातावर ठेवा. प्रसाद कणानेही पोचतो. चहासाठी मात्र आधीच सांगून ठेवा. बिनसाखरेचा मागितला तर आता बऱ्याच ठिकाणी देतात. पिठलं-भाकरी, उसळ, ताक मिळेल तिथे पोटभर जेवा.

१२. आईचा अनवाणी चालण्याचा नवस आहे. तिला शुगर आहे. चालू द्यावं का?

नाही. हे सांगताना मला वाईट वाटतं, कारण नवसामागचा भाव मी रोज बघतो. पण मधुमेहात पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात आणि ज्याच्या त्या होतात त्याला ते कळत नाही. तापलेल्या डांबरावर निरोगी माणूस पाय उचलून घेतो; बधिर पाय तिथेच टेकतो आणि भाजतो. काच, खिळा, बाभळीचा काटा तळव्यात घेऊन दोन मुक्काम चाललेले लोक मी पाहिले आहेत. त्यांना दुखलंच नव्हतं. अशी जखम चिघळून बोट किंवा पाऊल काढायची वेळ येऊ शकते.

आईशी भांडू नका. पालखीच्या तंबूत पादुकांसमोर उभं राहताना, रात्री कीर्तनाला सतरंजीवर बसताना तिला चपला काढता येतात. रस्त्यावर नको. आमच्या दिंडीतल्या दोन आजींनी असा नवस पुरा केला आणि त्यांच्या मनाला ते पटलं.

नवे बूट वारीसाठी म्हणून घेऊ नका. दीड महिना वापरलेलेच चांगले. घ्यायचे असतील तर संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. सुती मोज्यांचे चार जोड ठेवा आणि भिजला की लगेच बदला.

१३. रात्री पाय गरम पाण्यात शेकले तर चालतील का? आणि फोड आला तर?

शेकू नका. बधिर पायाला पाणी किती कढत आहे ते कळत नाही. कोमट पाण्याने धुवा, तेही आधी कोपराने अंदाज घेऊन. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा. तळव्याला तेल लावा, बेचक्यांत नको, तिथे ओल राहून चिखल्या होतात. मग बॅटरीच्या उजेडात तळवा बघा. वाकता येत नसेल तर खाली आरसा धरा किंवा सोबत्याला बघायला सांगा. सकाळी पाय घालण्याआधी बूट उलटा करून झटका.

फोडातून सुई-दोरा ओवायची पद्धत दिंड्यांमध्ये जुनी आहे. मधुमेह्याने ती करू नये, त्या दोऱ्यावरून जंतू आत जातात. फोड तसाच ठेवून स्वच्छ पट्टी बांधा, त्या जागी दाब येणार नाही असं बघा आणि आरोग्य पथकाला दाखवा. लाली पसरत असेल, पू, दुर्गंधी किंवा ताप असेल तर चालणं तिथेच थांबवून दवाखान्यात जा.

१४. मीटर ३२० दाखवतं, पण मला काहीच होत नाही. डोस वाढवू का?

आधी हात साबणाने धुऊन, कोरडे करून पुन्हा तपासा. बोटाला केळ्याचा, गुळाचा, बुंदीचा अंश असेल तर मीटर ती साखरही मोजतं. पाणी नसेल तर पहिला थेंब पुसून दुसऱ्या थेंबावर बघा. खरोखरच ३०० च्या वर असेल तर पाणी प्या, कारण शोधा (चुकलेली गोळी, तापलेलं इन्सुलिन, पायाची जखम) आणि फोनवर डॉक्टरांना विचारा. अंदाजाने जादा इन्सुलिन घेऊन चालू लागणं हा रात्री शुगर उतरवण्याचा हमखास मार्ग आहे. टाईप १ (शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही असा मधुमेह) असेल आणि शुगर २५० च्या वर असेल, तर लघवीतले किटोन (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळू लागलं की तयार होणारे आम्ल पदार्थ) तपासल्याशिवाय चालू नका.

१५. जुलाब-उलट्या लागल्या तर? ओआरएसमध्ये साखर असते ना?

असते, पण पाकिटातल्या प्रमाणित ओआरएसच्या एका लिटरमध्ये ग्लुकोज सुमारे साडेतेरा ग्रॅम, आणि ते क्षार आतड्यातून आत ओढले जावेत म्हणून घातलेलं असतं. मधुमेह्यानेही जुलाबात ते घ्यायचंच. दुकानात फळांच्या चवीची जी गोड पेयं मिळतात, ती त्याऐवजी चालत नाहीत.

अशा दिवशी डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी घेऊ नका आणि मेटफॉर्मिन थांबवायची का ते विचारा. टाईप १ असलेल्यांनी मात्र खाणं शून्य असलं तरी लांब चालणारं इन्सुलिन बंद करायचं नाही. पोटात दुखणं, जोरजोरात श्वास, उलट्या थांबत नसणं, यात शुगर फार वाढलेली नसली तरी दवाखाना गाठा.

१६. वाटेत इन्सुलिनचं पेन बिघडलं. दुकानदाराने सिरिंज दिली. चालेल का?

इथे मोठी चूक होते, म्हणून सावकाश वाचा. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट. ४० साठी लाल टोपणाची सिरिंज, १०० साठी केशरी टोपणाची. पेनमधलं इन्सुलिन बहुधा १०० चं असतं.

पेनच्या काडतुसातून लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढलंत, तर अंगात २० नाही, ५० युनिट जातात. उलट ४० च्या बाटलीला केशरी सिरिंज लावली तर २० ऐवजी फक्त ८. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे हे स्वतः वाचून खात्री करा. दिसत नसेल तर दुकानदाराकडून मोठ्याने वाचून घ्या. त्यापेक्षा एक जादा पेन घरूनच आणणं सोपं.

१७. वापरलेल्या सुया कुठे टाकू?

जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण लावून. बाटली आरोग्य पथकाकडे द्या. शेतात किंवा कचऱ्यात कधीच नाही. मागून अनवाणी माणसं येत असतात.

१८. पंढरपूरला पोचल्यावर दर्शनाच्या रांगेत फार तास जातात. आणि परतल्यावर?

आषाढीला दर्शनबारी रात्रभरही चालते. आत शिरण्याआधी खा, औषधाची वेळ लक्षात घ्या, ग्लुकोज आणि फुटाणे खिशात ठेवा. जाड मोजे घालून उभे राहा. झेपत नसेल तर कळसाचं दर्शन घ्या. पायाला फोड किंवा जखम असेल तर चंद्रभागेत उतरू नका, पाणी डोक्यावर शिंपडून घ्या.

परतीच्या एसटीत बसलात की चालणं एकदम शून्यावर येतं आणि वारीपुरता कमी केलेला डोस आता अपुरा पडतो. कमी केलेले डोस कधी आणि कसे पूर्ववत करायचे, हे निघण्याआधीच लिहून घेतलेलं असावं. घरी गेल्यावर आठवडाभर सकाळी उपाशीपोटी आणि रात्री झोपताना तपासा, पायही रोज बघा. बारीक जखमा अनेकदा घरी गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी दिसतात.

बसमध्ये तासा-दीड तासाने पावलं हलवा, थांब्यावर उतरून चार पावलं चाला. झोळी तेव्हाही मांडीवरच, डिकीत नाही.